रद्द झालेला भूगोल आणि हरवलेली सकाळ

2020 साली दहावीचा भूगोलाचा पेपर 23 मार्चला होता. तो आधी पुढे ढकलला, मग 12 एप्रिलला रद्दच झाला. दातिवऱ्यातला माझा चुलतभाऊ खूश होता. मे उजाडेपर्यंत मात्र त्याला पहाटे चारशिवाय झोप येईना.

काकूचं निदान एका शब्दाचं: मोबाईल. मला ते अर्धंच पटतं. वैतरणेच्या मुखाशी, अर्नाळ्यासमोरच्या या गावाला रात्रीचं जागरण नवं नाही. डोलीची जाळी भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतात आणि भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. आज रात्री दोनला उठलेला माणूस परवा साडेतीनच्या पुढे उठतो. झोप तुटकी होते, पण दिवस हरवत नाही. होडी, बर्फ, बाजार त्याची वाट बघत असतात.

मुलांची वाट बघणारं काही उरलं नव्हतं. शाळेची घंटा, सफाळ्याची एसटी, क्लास, सगळंच थांबलं. वयात येताना शरीरात मेलाटोनिन उशिरा स्रवू लागतं, म्हणून या मुलांना झोपच उशिरा येते. हा आळस नव्हे. एरवी शाळेची सकाळ त्यांना मागे खेचते. (सर्व्हरचं घड्याळही बाहेरच्या घड्याळाशी सतत जुळवावं लागतं, नाहीतर ते सरकत जातं.) टाळेबंदीत अनेक देशांतल्या अभ्यासांना हेच दिसलं: मुलं उशिरा झोपली, उशिरा उठली, बरेचदा जास्त तास झोपली आणि तरी कित्येक जण मरगळलेलेच राहिले.

राज्याने तेव्हा वापरलेला साथरोग कायदा 1897 चा, मुंबईच्या प्लेगच्या वेळचा. माणसांना वेगळं ठेवायचा अधिकार त्याच्या मूळ चार कलमांत आहे. घरात अडकलेल्या पोरांच्या झोपेचा विचार तेव्हा कोण करणार? पण 2020 मध्ये तरी व्हायला हवा होता. केंद्राने 10 एप्रिललाच मासेमारीला सूट दिली, मोठ्यांची घड्याळं चालू झाली. नववी ते बारावीचे वर्ग टप्प्याटप्प्याने उघडू लागले ते 23 नोव्हेंबरपासून.

पुढच्या वर्षी दहावीची अख्खी परीक्षाच रद्द झाली. तेव्हा दहावीत असलेली शेजारची मुलगी, वडिलांची होडी कधी सुटणार ते विचारून गजर लावायची आणि ते निघाले की अभ्यासाला बसायची.