मुंबई–लंडन हवाई मार्ग : अंतर, वेळ आणि आकाशावरील सत्ता

दोन विमानतळांमधील अंतर हा भूगोलाचा, तर प्रवासास लागणारा वेळ हा यंत्राचा विषय होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मुंबई व लंडन यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर असून ते आजवर तेवढेच राहिले आहे. वेळ मात्र सतत बदलत गेला. त्याचे सारे श्रेय विमानांच्या वाढत्या वेगास देणे ऐतिहासिकदृष्ट्या अपुरे ठरते.

इम्पीरियल एअरवेजने ३० मार्च १९२९ रोजी लंडन–कराची सेवा सुरू केली. या प्रवासास सात दिवस लागत. तोही सर्वस्वी हवाई नव्हता. बाझलपर्यंत विमान, तेथून जिनोआपर्यंत आगगाडी, पुढे अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारे विमान आणि त्यानंतर पुन्हा जमिनीवरील विमानाने गाझा, बगदाद, बसरा असे टप्पे होते. बसऱ्यानंतर विमाने इराणच्या किनाऱ्याने बुशहर, लिंगे, जास्क अशी जात. ही परवानगी मिळविण्यासाठी ब्रिटिशांना दीर्घकाळ वाटाघाटी कराव्या लागल्या होत्या आणि १९३२ मध्ये ती संपुष्टात आली. जगातील सर्वांत मोठ्या साम्राज्याची टपालवाहू विमाने तेव्हा आखाताच्या अरबी किनाऱ्याकडे वळली व त्यासाठी शारजाच्या शेखाशी करार करावा लागला. तत्कालीन साम्राज्यसत्तेच्या मर्यादा अभ्यासण्यास हा प्रसंग विशेष उपयुक्त आहे. वाहतुकीच्या इतिहासात मात्र त्याची नोंद बहुधा ओझरतीच होते.

नवा अरबी मार्ग ऑक्टोबर १९३२ मध्ये सुरू झाला. त्याच महिन्याच्या १५ तारखेस जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथ विमान जुहूला उतरविले. लंडनच्या हवाई टपालाशी मुंबई अशी जोडली गेली. परंतु कराचीची शाखा म्हणून.

१९४७ च्या फाळणीने हे प्रवेशद्वारच परदेशात गेले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मालाबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. कराची त्या मार्गावर नव्हते. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि वेग जवळपास दुप्पट झाला. पुढे थांबेही गळत गेले व थेट उड्डाण नऊ-दहा तासांवर आले. पश्चिमेकडे जाताना समोरून येणाऱ्या वाऱ्यामुळे लागणारा जादा वेळ यंत्राने कमी झाला, पण संपला नाही.

नकाशावरील मुंबई–लंडन ही सरळ रेषा आजही कराचीजवळूनच जाते. २०१९ मध्ये पाकिस्तानने फेब्रुवारीअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत हवाई हद्दीवर निर्बंध ठेवले. २४ एप्रिल २०२५ रोजी ती हद्द भारतीय विमान कंपन्यांसाठी पुन्हा बंद केली. दिल्लीइतका वळसा मुंबईस पडला नाही. तथापि, पश्चिमेकडे निघालेल्या भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून ओमानच्या दिशेने, म्हणजे १९३२ प्रमाणेच पुन्हा अरबी किनाऱ्याकडे, वळावे लागले.