ताप उतरला, पण निरोप गेला

आज आम्ही तुम्हाला हिवतापाचा इतिहास सांगणार आहोत. गोष्ट जुनी आहे, पण तिचं शेवटचं पान २०१३ सालचं आहे. आणि ते पान आपल्या फडताळातल्या उरलेल्या गोळ्यांशी जोडलेलं आहे.

सुरुवात आपल्याच पाटापासून करू. बारामती आणि इंदापूर हा मूळचा कमी पावसाचा मुलूख. १८७६-७७ च्या दुष्काळानं माणसं आणि जनावरं हवालदिल झाली. पुढे नीरेला मिळणाऱ्या वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण बांधलं गेलं, वीरच्या बंधाऱ्यापासून डावा कालवा निघाला आणि १८८५ च्या सुमारास पाटाला पाणी आलं. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. पण पाणी नुसतं पिकाला मिळालं नाही, ते जमिनीत मुरलंही. काही रानं पाणथळ झाली, काही चोपण झाली. ती सुधारायचे प्रयोग इंग्रजांच्या काळातच बारामती भागात सुरू करावे लागले. जिथं स्वच्छ पाणी झिरपून साचतं, तिथं ॲनॉफिलीस डासाची मादी अंडी घालते. म्हणून देशात जिथं जिथं कालवे निघाले, तिथं पाण्याच्या निचऱ्याकडे दुर्लक्ष झालं की हिवतापाची भीती वाढली. पाटानं घर भरलं हे खरं, पण पाण्याबरोबर डासांवर लक्ष ठेवायचं कामही आलं.

आपल्या आज्या या तापाला एकांतरा म्हणत. एक दिवस हुडहुडी भरून ताप चढायचा, घाम येऊन उतरायचा. दुसऱ्या दिवशी बाई उठून कामाला लागायची आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गोधडीत. उपाय म्हणजे कडू कोयनेल. पण ताप असा दिवस पाळून का येतो, हे कोणाला ठाऊक नव्हतं.

१८८० साली अल्जीरियात लावरां नावाच्या फ्रेंच डॉक्टरला रोग्याच्या रक्तात हिवतापाचे जंतू दिसले. मग इटलीच्या गॉल्जीनं पाहिलं, की हे जंतू तांबड्या पेशीत शिरतात, तिथं वाढतात, आणि सगळ्या भरलेल्या पेशी साधारण एकाच वेळी फुटतात. पेशी फुटल्या की थंडी वाजते. आज्यांच्या एकांतऱ्याचं उत्तर असं मिळालं. २० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्याच देशात, सिकंदराबादला, रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हे जंतू सापडले. डासाचा आणि या तापाचा संबंध तिथं कळला.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख माणसं दगावायची. १९५३ साली सरकारनं राष्ट्रीय मोहीम काढली. घरोघर डीडीटीची फवारणी झाली. बोटाला टोचून रक्त घेणारे कर्मचारी दारी येत आणि भिंतीवर तारीख लिहून जात. आपल्यातल्या वयस्कर बायकांना त्या भिंती आठवत असतील. १९६५ च्या सुमारास देशातले रुग्ण एक लाखापर्यंत खाली आले. रोग गेला असं वाटलं. पाहणी सैल पडली, डासांना डीडीटीची सवय झाली, आणि १९७६ साली रुग्णांचा आकडा ६४ लाखांवर गेला. शत्रू थकलाय असं समजून आपण पाठ फिरवली, आणि तो परत आला.

असं का होतं, याचा एक धागा २०१३ साली हाती लागला. ऑस्ट्रेलियात मेलबर्न इथं आणि अमेरिकेत हार्वर्ड इथं शास्त्रज्ञांच्या दोन वेगळ्या गटांना एकच गोष्ट दिसली. जंतू शिरलेली तांबडी पेशी आपल्या अंगातून अतिशय बारीक बुडबुडे बाहेर सोडते. पेशीच डोळ्यांना दिसत नाही, मग तिच्या कितीतरी पट लहान असलेला बुडबुडा काय दिसणार! पण तो रिकामा नसतो. त्यात जंतूची प्रथिनं असतात, आनुवंशिक मजकूरही असतो. शेजारच्या पेशीतला जंतू तो बुडबुडा आत घेतो. म्हणजे माहेरच्या पिशवीतून चिठ्ठी यावी, तसा एका जंतूचा निरोप दुसऱ्याला पोचतो.

मेलबर्नच्या प्रयोगात शास्त्रज्ञांनी दोन प्रकारचे जंतू तयार केले. एकाला एक औषध पचायचं, दुसऱ्याला दुसरं. दोन्ही औषधं एकदम घातल्यावर दोघंही मरायला हवे होते. पण एकत्र ठेवल्यावर ते तगले, कारण बुडबुड्यांतून त्यांनी औषध पचवायची युक्ती एकमेकांना पोचवली. दुसरीही गोष्ट दिसली. निरोप मिळाल्यावर जास्त जंतू आपलं रूप बदलून नर आणि मादी होऊ लागले. ही रूपं ताप आणत नाहीत. ती रक्तात डासाची वाट बघत राहतात, कारण डासाच्या पोटात गेल्याशिवाय त्यांचा वंश पुढे जात नाही.

हे सगळं प्रयोगशाळेतल्या बशीत दिसलं. माणसाच्या अंगात नेमकं किती घडतं, याचा शोध चालू आहे. पण एक गोष्ट पक्की आहे. फाल्सिपेरम जातीच्या हिवतापात ताप उतरल्यावरही ही नर-मादी रूपं रक्तात राहू शकतात. रोगी बरा दिसतो, कामाला जातो, आणि त्याला चावलेला डास रोग पुढे नेऊ शकतो. म्हणून मुख्य औषधाबरोबर प्रायमाक्विनचा एक डोसही दिला जातो. व्हायव्हॅक्स जातीत काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि महिन्यांनी उठतात. त्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावं लागतं. गरोदर बाईनं मात्र ही गोळी घ्यायची नसते, म्हणून दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

आता खरं बोलू. तिसऱ्या दिवशी ताप गेला की उरलेल्या गोळ्या आपण ‘पुढच्या खेपेला होतील’ म्हणून डब्यात ठेवतो. आमच्यापैकी कितीजणींनी हे केलंय, हे आम्ही मोजायला बसलो आणि गप्प झालो. गोळी वाचली असं आपल्याला वाटतं, पण वाचतो जंतू.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की तीन गोष्टी ठरवा. थंडी वाजून ताप आला तर आशाताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यायचं. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध फुकट आहे. डोस सुरू केला की शेवटची गोळी गिळेपर्यंत थांबायचं नाही. आणि आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी रिकामी करून घासायची. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इथं कारखाना सुरू झाला, की पाटाकडेला ऊसतोडीच्या कोप्या पडतात. त्या बायाबापड्या पंधरा दिवसांत दुसऱ्या फडावर जातात. त्यांच्यात कोणाला हिवतापाच्या गोळ्या सुरू असतील, तर डोस पुरा करा एवढं त्यांनाही सांगा.

जंतू निरोप पोचवायला चुकत नाहीत. मग आपणही का चुकावं?