पाटीवरचे भाऊसाहेब

पंजाबराव देशमुख म्हटलं की आमच्या वऱ्हाडात पुढचं वाक्य ठरलेलं असतं, 'स्वतंत्र भारताचे पहिले कृषिमंत्री'. शाळेतल्या भाषणांत आम्हीही हेच घोकलं. खरं तर ते पहिले नव्हेत. आधी राजेंद्रप्रसाद, जयरामदास दौलतराम, कन्हैयालाल मुनशी होऊन गेले. 1952 सालीसुद्धा अन्न व शेतीचे कॅबिनेट मंत्री होते रफी अहमद किडवाई, आणि भाऊसाहेब त्याच खात्यात कृषिमंत्री. तुमचा-आमचा अभिमान दुखावत असेल तर माफ करा, पण या 'पहिल्या'च्या नादात आपण त्यांचं खरं काम विसरलो असं मला वाटतं.

जन्म 27 डिसेंबर 1898, अमरावती जिल्ह्यातलं पापळ. वडिलांनी जमीन गहाण टाकून पोराला विलायतेला धाडलं. तो ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी घेऊन 1926 मध्ये परतला. पुढच्याच वर्षी अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून अमरावतीत चळवळ उभी राहिली, तेव्हा हा देशमुखांचा पोरगा अस्पृश्यांच्या बाजूने उभा होता. लग्नही जातीबाहेर केलं. वाडा काय म्हणाला असेल, कल्पना करा!

1930 मध्ये ते नागपूरच्या कौन्सिलात गेले आणि मंत्री झाले. एक गंमत सांगतो. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा मुलूख, त्यामुळे इथे निवडून आलेल्यालाही कौन्सिलात बसण्यासाठी सरकारने रीतसर 'नियुक्त' करावं लागे! काळ मंदीचा, कापसाचे भाव कोसळलेले, सावकाराचं व्याज मात्र जागच्या जागी. त्यांच्याच कारकिर्दीतला 1933 चा कर्ज लवाद कायदा सावकार आणि कुळाला मंडळासमोर बसवून कर्ज कमी करायचा, हप्ते बांधून द्यायचा. गहाणखत घरातच पाहिलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको होतं. देवस्थानांची संपत्ती लोकांच्या कामी यावी म्हणून 1932 मध्ये त्यांनी विधेयक आणलं, ते मात्र पार पडलं नाही. 1933 मध्ये मंत्रिपद सुटलं. दरम्यान अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली होती. ती आज गावोगाव आहे.

1946 मध्ये ते घटना समितीत गेले, आणि तिथून मरेपर्यंत, म्हणजे 19 वर्षं, दिल्लीच्या सभागृहातच राहिले. इथे एक अवघड गोष्ट आहे, जी जयंतीच्या भाषणात कुणी काढत नाही. ऑगस्ट 1949 मध्ये त्यांनी दुरुस्ती मांडली, की दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेला कुणीही हिंदू किंवा शीख, कुठेही राहत असला तरी, भारताचा नागरिक व्हायला पात्र असावा. सभेने ती फेटाळली. अंबादेवीचा दरवाजा उघडायला निघालेल्या माणसाने देशाचा दरवाजा धर्म पाहून उघडावा असं म्हणावं, हे मला अजून नीट जुळवता आलेलं नाही.

मंत्री म्हणून त्यांनी जपानी पद्धतीच्या भातशेतीचा देशभर प्रचार केला, 1955 मध्ये भारत कृषक समाज काढला. डिसेंबर 1959 मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं, त्याला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले होते. अमरावतीने त्यांना 1952, 57 आणि 62 असं तीनदा लोकसभेत पाठवलं.

10 एप्रिल 1965 ला ते गेले. राज्याचं कृषी विद्यापीठ राहुरीला जाणार म्हटल्यावर वऱ्हाड पेटलं, आंदोलनात बळीही गेले. शेवटी 20 ऑक्टोबर 1969 ला अकोल्याला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं, आणि पाटीवर नाव लागलं पंजाबरावांचं.