जोडलेल्या हातांखालचा सोरा

जपानमधल्या शिराकावा-गो आणि गोकायामा या डोंगरी भागाचे छायाचित्र बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या कॅलेंडरवर पाहिलेले असते. पुरुषभर बर्फ, त्यातून वर आलेली उतरत्या गवती छपरांची घरे आणि खिडक्यांतला पिवळा उजेड. या बांधणीला 'गाश्शो-झुकुरी' म्हणतात, म्हणजे नमस्काराला जोडलेल्या हातांसारखी. १९९५ साली युनेस्कोने ओगिमाची, आइनोकुरा आणि सुगानुमा या तीन वस्त्या जागतिक वारशात घेतल्या. मीही तेच चित्र मनात घेऊन एका फेब्रुवारीत तिकडे गेलो. परतलो तो मात्र छपरापेक्षा जमिनीचाच विचार करत.

ताकायामाहून ओगिमाचीला बस तासाभरात पोचते आणि त्यातला बराचसा प्रवास बोगद्यांतून होतो. त्यांतला हिदा बोगदा जवळजवळ पावणेअकरा किलोमीटरचा. तो खुला झाला २००८ मध्ये. त्याआधी हिवाळा म्हणजे काय होता, हे उबदार बसमध्ये बसून कळणे कठीण. बसमधून उतरल्यावर पायाखाली बर्फ करकरला तेव्हा थोडे कळले.

छपराबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. जर्मन वास्तुरचनाकार ब्रूनो टाउट १९३५ मध्ये इथे येऊन गेला आणि या घरांच्या तर्कशुद्ध बांधणीचे त्याने जगाला कौतुक सांगितले. ते खरेच आहे. सुमारे साठ अंशांचा उतार, त्यामुळे बर्फ साचण्याआधी घसरते. वाशांना खिळा नाही, दोर आणि ओल्या डहाळ्या पिळून बांधलेल्या. खालचा सांगाडा सुताराचा, पण छप्पर गावकऱ्यांच्या हातचे. एका घराच्या शाकारणीला शंभर-दोनशे माणसे जमतात, आज तुझ्या घरी, उद्या माझ्या. त्याला ते 'युइ' म्हणतात. आपल्याकडचा शेतकरी याला इर्जिक म्हणेल आणि त्याला अधिक काही समजावून सांगावे लागणार नाही.

पण एक प्रश्न उरतो. बर्फासाठी उतार हवा हे ठीक, मग छपराच्या पोटात दोन-दोन, तीन-तीन माळे कशासाठी? उत्तर आहे रेशीम. शोगावा नदीच्या अरुंद खोऱ्यात भातशेतीला जागा नव्हती. डोंगर जाळून सावा-राळ्यासारखी धान्ये घ्यायची, तुती लावायची आणि माळ्यावर रेशीमकिडे वाढवायचे. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींतल्या खिडक्यांतून वारा-उजेड येई, खालच्या चुलाण्याची ऊब वर जाई. म्हणजे ही उंची श्रद्धेची नव्हे, पोटापाण्याची. नमस्काराचे नाव नंतर बघणाऱ्याने द्यावे, असे ते रूप आहे.

आणि रेशीमकिड्यांची विष्ठा? ती जमिनीखाली जाई. सुगानुमा ही अवघ्या नऊ गाश्शो घरांची वस्ती. तिथे सोऱ्याचे एक छोटे संग्रहालय आहे. बहुतेक पर्यटक दारावरून पुढे जातात. मी तिथे दोन तास होतो.

बंदुकीच्या दारूला सोरा लागतो, आणि जपानात त्याचे नैसर्गिक साठे नव्हते. आपल्याकडे बिहारमधले नोनिया लोक गोठ्याजवळची, भिंतीकडेची माती खरवडून सोरा काढत. उन्हाळ्यात तो मातीवर पांढरा फुलून येई. प्लासीनंतर इंग्रज कंपनीने त्याचा मक्ता आपल्याकडे घेतला तो उगाच नव्हे. पण सोरा पाण्यात विरघळतो. जिथे एवढा पाऊस आणि एवढे बर्फ, तिथे उघड्या मातीत तो टिकायचा कसा? गोकायामाच्या लोकांनी त्यासाठी घराखालची कोरडी जमीन वापरली.

'इरोरी' म्हणजे जमिनीतले चौकोनी चुलाणे. त्याच्या आजूबाजूला, फरशीच्या फळ्यांखाली ते खोल खड्डा खणत. त्यात माती, रेशीमकिड्यांची विष्ठा, दवण्याच्या कुळातल्या रानवनस्पती, काड आणि मूत्र यांचे थरावर थर देत. बाहेर बर्फ पडत असताना चुलाण्याची धग खालच्या जंतूंना जागे ठेवी. दरवर्षी ही माती उपसून परतायची आणि पुन्हा भरायची. चार-पाच वर्षांनी ती पिकली की पाण्यात धुऊन, राख घालून ते पाणी उकळायचे आणि गार झाल्यावर तळाचे स्फटिक गोळा करायचे. वर किडे, मध्ये माणसे, खाली सोरा आणि तिघांना एकच विस्तव.

गोकायामाचा सोरा जाई कानाझावाला, कागा संस्थानच्या माएदा घराण्याकडे. तोकुगावांच्या खालोखालचे हे श्रीमंत संस्थान, आणि दारूचे मूळ अशा आडबाजूला असणे त्याच्या सोयीचे होते. याच खोऱ्यात संस्थान आपले हद्दपार कैदी ठेवी. पलीकडच्या काठावर जायला पूल नव्हता. दोरावरून ओढलेल्या टोपलीतून नदी ओलांडावी लागे. 'जगापासून तुटलेले गाव' असे प्रवासवर्णनांत कौतुकाने लिहितात. ते तुटलेपण काही अंशी राखलेलेही होते, हे मला तिथे प्रथम उमगले.

इथले लोक बौद्ध धर्माच्या जोदो शिनशू पंथाचे, घराघरांत मोठा देव्हारा. सोळाव्या शतकात याच पंथाचे इशियामा होंगान-जी मठ ओदा नोबुनागाशी दहा वर्षे लढले, तेव्हा सोरा इथूनच गेला असे परंपरा सांगते. देव्हारा आणि सोऱ्याचा खड्डा एकाच छपराखाली होते, यात त्यांना विसंगती वाटली असेल असे मला वाटत नाही. विसंगती आपल्याला वाटते, कारण आपण चित्र पाहून आलेलो असतो.

मेजी काळात परदेशी स्वस्त सोरा आला आणि खड्डे बुजले. विसाव्या शतकात रेशीमही गेले. खोऱ्यात धरणे झाली. १९६१ मध्ये पुऱ्या झालेल्या मिबोरो धरणाखाली वस्त्या बुडाल्या, काही घरे सोडवून दूर नेली गेली. उरलेल्या ओगिमाचीच्या लोकांनी १९७१ मध्ये एकत्र येऊन ठरवले: घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. हे युनेस्कोच्या चोवीस वर्षे आधीचे. वारसा गावाने राखला, शिक्का नंतर बसला.

माझ्या मुक्कामाच्या घरातल्या आजी सकाळी इरोरी पेटवत. स्वयंपाक गॅसवर, ऊब रॉकेलच्या हीटरची. मग हा विस्तव कशाला, असे मी दुभाष्या यंत्रावरून विचारले. त्यांनी बोट वर केले. धूर लागला नाही तर गवताला कीड लागते आणि दोर कुजतात. मी खाली फळ्यांकडे बोट दाखवून 'एन्शो?' म्हटले, म्हणजे सोरा. त्या हसल्या, उठल्या आणि फळीवर टाचेने दोनदा ठोकले. आवाज पोकळ आला.