सेल्माचा पूल आणि पहिली रांग



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यापाशी मी चार वर्षे इतिहास शिकलो. १९७२ साली स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव साजरा झाला, तेव्हा इंदूरजवळच्या एका गावी झालेल्या समारंभात आम्ही मुले स्वयंसेवक होतो. पहिल्या रांगेत पाच वृद्ध स्वातंत्र्यसैनिक बसले होते. पुढारी आले, त्यांच्यामागून त्यांची मंडळी आली, आणि कोणीतरी त्या पाचही जणांना उठवून चौथ्या रांगेत नेले. सर व्यासपीठावर होते. ते खाली उतरले आणि चौथ्या रांगेत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी या प्रकाराबद्दल अवाक्षरही काढले नाही. त्यांनी एवढेच विचारले, की त्या पाच जणांची नावे कोणाला सांगता येतील? आम्ही चाळीस मुले होतो. एकालाही सांगता आली नाहीत. पुढाऱ्यांचे नाव मात्र सगळ्यांना पाठ होते.

या प्रश्नाची आठवण मला पुन्हा झाली ती २०१५ च्या मार्च महिन्यात. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील सेल्मा या लहानशा गावी एक वर्धापनदिन साजरा झाला, आणि त्यावरून तिकडे बराच वाद माजला. आजचा माझा विषय तो वाद हा आहे. सेल्मा आपल्यापासून फार दूर. परंतु तिथे पोहोचणारी एक वाट नागपूरवरून जाते, हे मी पुढे दाखवणार आहे.

प्रथम मूळ घटना. १९६५ साली सेल्मा ज्या डॅलस काउंटीत मोडते, तिथे मतदानाच्या वयाचे सुमारे १५,००० कृष्णवर्णीय नागरिक होते आणि मतदारयादीत त्यांच्यापैकी अवघ्या तीनशेच्या आसपास लोकांची नावे होती. कायद्याने मताधिकार होता. पण नोंदणीच्या कचेरीत अडवणूक होती, परीक्षा होत्या, नोकरीवरून काढण्याच्या धमक्या होत्या आणि शेरीफ जिम क्लार्कचे दंडुके होते. फेब्रुवारीत जवळच्या मॅरियन गावी जिमी ली जॅक्सन या २६ वर्षांच्या तरुणाला राज्य पोलिसाची गोळी लागली आणि आठ दिवसांनी तो मरण पावला. त्याच्या मृत्यूचा जाब राज्याच्या राजधानीत, मॉन्टगोमेरीला, पायी जाऊन विचारायचा असे ठरले. अंतर ५४ मैल. ७ मार्च १९६५ च्या रविवारी जॉन लुईस आणि होझिया विल्यम्स यांच्यामागून सुमारे सहाशे स्त्री-पुरुष दोन-दोनच्या रांगेने एडमंड पेटस पुलावर चढले. हा एडमंड पेटस गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सैन्यातील सेनानी. पुलाच्या पलीकडे राज्य पोलिस उभे होते. अश्रुधूर, दंडुके, घोडे. लुईस तेव्हा २५ वर्षांचे; त्यांच्या डोक्याचे हाड फुटले. अमेलिया बॉइंटन या बाई बेशुद्ध पडल्या, त्यांचे छायाचित्र जगभर गेले. त्या रात्री एका दूरचित्रवाणी वाहिनीने नाझी गुन्हेगारांवरील खटल्याचा चित्रपट मध्येच थांबवून सेल्माची दृश्ये दाखवली. पुढील दोन आठवड्यांचा तपशील इथे गाळतो. २५ मार्चला सुमारे २५,००० लोक मॉन्टगोमेरीत पोहोचले, आणि ६ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मताधिकार कायद्यावर सही केली. पुढल्याच वर्षी शेरीफ क्लार्क निवडणुकीत पडले. कायदा किती धारदार होता, हे एवढ्यावरूनही कळते.

आता ७ मार्च २०१५. पुलाच्या पायथ्याशी सभा. अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा, त्यांचे पूर्वसूरी जॉर्ज डब्ल्यू. बुश, दोघांच्या पत्नी, अमेरिकी संसदेचे शंभराच्या आसपास सभासद, हजारोंचा जमाव. पंधरा वर्षांपूर्वी बिल क्लिंटन पदावर असताना इथे येऊन गेले होते, त्यामुळे पुढाऱ्यांचे येणे नवीन नव्हते; नवीन होती ती संख्या. लुईस आता पंचाहत्तरीतले, संसदेचे ज्येष्ठ सभासद. त्यांनीच ओबामांची ओळख करून दिली. शंभरी उलटलेल्या अमेलिया बॉइंटन चाकांच्या खुर्चीत बसून पहिल्या रांगेत होत्या. भाषणानंतर सर्वांनी मिळून पुलावर काही अंतर चालायचे, असा कार्यक्रम होता.

लोकांत जी प्रतिक्रिया उमटली तिचे मोठे माप दोन गोष्टींच्या वाट्याला गेले. पहिली, कोण आले नाही. रिपब्लिकन पक्षाचे संसदेतील प्रमुख नेते येणार नाहीत असे वृत्त आदल्या दिवशी फुटले, टीका झाली, आणि त्यांच्यापैकी केविन मॅकार्थी यांनी ऐनवेळी येण्याचे जाहीर केले. दुसरी गोष्ट, कोण दिसले नाही. ८ मार्चच्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावरील छायाचित्रात ओबामा व लुईस दिसत होते, बुश नव्हते. वाचक संतापले. बुश यांना मुद्दाम कापले, असा आरोप झाला. पत्राच्या छायाचित्रकाराने खुलासा केला, की छायाचित्र कापलेले नाही; बुश रांगेच्या कडेला होते, तिथे ऊन प्रखर होते, त्यामुळे त्यांचा समावेश असलेले चित्र छापण्याजोगे आले नाही. मला हा खुलासा पटतो. मात्र एवढ्या मोठ्या देशाने सेल्माच्या पन्नासाव्या वर्षी दोन-तीन दिवस एका छायाचित्राच्या उजव्या कडेची चर्चा करावी, याचा विषाद वाटतो.

याच गदारोळात एका बाईंचे म्हणणे फार थोड्यांच्या कानी पडले. त्यांचे नाव डायन नॅश. १९६३ च्या सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बाँबस्फोट होऊन चार मुली ठार झाल्या, तेव्हा नॅश आणि त्यांचे तेव्हाचे पती जेम्स बेव्हल यांनी अलाबामात मताधिकारासाठी लढा उभारण्याची योजना आखली. सेल्मा त्या योजनेतून आले. म्हणजे ज्यांच्या कल्पनेचा हा वर्धापनदिन, त्या बाई २०१५ साली सेल्मात असूनही मिरवणुकीत चालल्या नाहीत. बुश चालणार म्हणून मी चालणार नाही, असे त्यांनी उघड सांगितले. सेल्माचा लढा अहिंसेचा होता. बुश यांच्या नावावर युद्ध आणि कैद्यांचा छळ आहे. सेल्माचा लढा मतासाठी होता. त्यांची निवडणूकच नॅश यांच्या मते चोरीची होती. अशा माणसाला पहिल्या रांगेत घेणे हा त्या चळवळीचा अपमान, हे त्यांचे म्हणणे.

इथे मी नागपूरला येतो. पदव्युत्तर शिक्षणासाठी मी नागपुरात होतो, तेव्हा हिस्लॉप कॉलेजवरून रोज सायकलने जात असे. या महाविद्यालयात १९५३ ते १९५६ या काळात जेम्स लॉसन नावाचे एक तरुण अमेरिकन पाद्री काम करत होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. कोरियाच्या युद्धासाठी सैन्यात जाण्याचे नाकारल्यामुळे ते तुरुंगवास भोगून आलेले होते. गांधींचा अभ्यास करावा हा त्यांचा हेतू. मॉन्टगोमेरीच्या बसबहिष्काराची बातमी त्यांनी नागपुरातच, नागपूर टाइम्समध्ये वाचली. मायदेशी परतल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आग्रहाने ते दक्षिणेत गेले आणि नॅशव्हिलमध्ये विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचे शिक्षण देऊ लागले. शिव्या ऐकून शांत कसे राहावे, मार बसत असता डोके कसे झाकावे, आणि मारणाऱ्याकडे माणूस म्हणून कसे पाहावे, याचे तिथे प्रत्यक्ष पाठ होत. त्या वर्गात जॉन लुईस होते. डायन नॅशही होत्या.

एकाच गुरूचे दोन शिष्य. पन्नास वर्षांनंतर एक बुश यांच्यासह पहिल्या रांगेत, एक रांगेच्या बाहेर. या दोघांपैकी कोण बरोबर, याचा निकाल देण्याचा मोह मला झाला होता. परंतु जितके वाचले तितका तो ओसरला. लुईस भाबडे नव्हते. २००१ साली बुश यांच्या शपथविधीला ते गेले नव्हते. पण त्याच बुश यांनी २००३ मध्ये लुईस यांच्या अनेक वर्षांच्या प्रयत्नांना यश देत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या कायद्यावर सही केली, आणि जुलै २००६ मध्ये मताधिकार कायद्याची मुदत आणखी २५ वर्षांनी वाढवली. सिनेटमध्ये त्या वेळी ९८ मते बाजूने पडली, विरोधात एकही नाही. लॉसन यांनी शिकवले होते की विरोधक हा कायमचा शत्रू समजू नये. लुईस तो धडा आचरत होते. लॉसन यांनी हेही शिकवले होते की अन्यायाशी सहकार्य करू नये. नॅश तो धडा आचरत होत्या. १९६० च्या एप्रिलमध्ये याच नॅशनी नॅशव्हिलच्या महापौरांना सभागृहाच्या पायऱ्यांवर हजारोंसमक्ष विचारले होते, की केवळ वर्णावरून माणसाला दूर ठेवणे योग्य आहे असे तुम्हांला वाटते काय? महापौरांना नाही म्हणावे लागले, आणि तीन आठवड्यांत तिथली उपाहारगृहे सर्वांना खुली होऊ लागली. पुढाऱ्याला प्रश्न विचारायचा, त्याच्याबरोबर मिरवायचे नाही, ही त्यांची सवय तेव्हापासूनची.

आणि २०१५ साली विचारण्याजोगा प्रश्न होताच. २००६ मध्ये वाढवलेला कायदा सात वर्षांत लंगडा झाला होता. ज्या राज्यांचा पूर्वेतिहास वाईट, त्यांनी निवडणुकीचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची संमती घ्यावी, हे या कायद्याचे मर्म. अशी राज्ये ठरवण्याचे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने २५ जून २०१३ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केले. दावा लावणारी शेल्बी काउंटी अलाबामातलीच. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश रॉबर्ट्स आणि त्यांच्याशी सहमत झालेले न्यायमूर्ती अलिटो, हे दोघेही बुश यांनी नेमलेले. एका हाताने सही आणि दुसऱ्या हाताने नेमणूक! बुश यांना कापले की नाही, यापेक्षा या गोष्टीवर वाचकांची पत्रे आली असती तर बरे झाले असते. खुद्द ओबामांनी भाषणात हा विषय काढला होता. इथे आलेल्या शंभर सभासदांनी परत जाऊन आणखी चारशे जणांना सोबत घ्यावे आणि याच वर्षी कायदा पूर्ववत करावा, असे ते म्हणाले. टाळ्या पडल्या. कायदा पूर्ववत झाला नाही. उलट त्याच वर्षीच्या शरद ऋतूत अलाबामा सरकारने वाहनपरवान्याची ३१ कार्यालये बंद करण्याचे ठरवले. मतदानासाठी छायाचित्र असलेले ओळखपत्र त्या राज्यात आदल्या वर्षापासून सक्तीचे झाले होते, आणि बंद होणारी पुष्कळ कार्यालये कृष्णवर्णीय वस्तीच्या काउंट्यांत होती. ओरड झाल्यावर ती महिन्यातून एक दिवस उघडू लागली.

गावाबद्दलही चार शब्द बोलले पाहिजेत, कारण पाहुणे निघून गेल्यावर मागे गावच राहते. १९६० साली २८,००० वस्ती असलेले सेल्मा २०१० साली २१,००० वर आले होते. १९७७ मध्ये जवळचा हवाई दलाचा तळ बंद झाला, रोजगार गेला. समारंभाच्या वेळी गावातली दहांपैकी सुमारे चार माणसे दारिद्र्यरेषेखाली होती. दूरचित्रवाणीच्या चित्रांत पुलामागे बंद दुकानांची रांग दिसत होती.

लुईस १७ जुलै २०२० रोजी वारले. त्यांची शवपेटी घोड्यांच्या गाडीतून त्याच पुलावरून नेण्यात आली. अटलांटातील अंत्यविधीत बुश बोलले, क्लिंटन बोलले, ओबामा बोलले, आणि नव्वदी ओलांडलेले लॉसनही बोलले. लुईस यांच्या नावाचे मताधिकार विधेयक २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले. सिनेटमध्ये अडले ते अडलेच. नॅश यांना २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्या हस्ते देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. लॉसन जून २०२४ मध्ये गेले. २०२५ साली साठावा वर्धापनदिन झाला, पुढारी त्याही वेळी आले. पुलाला अजून पेटसचेच नाव आहे.

सरांच्या प्रश्नाकडे परत येतो. २०१५ साली ७ मार्चलाच ओबामांनी आणखी एका कायद्यावर सही केली. १९६५ च्या मोर्चांत चाललेल्या सर्व सामान्य माणसांना मिळून संसदेचे एक सुवर्णपदक द्यावे, असा तो कायदा. पदक एक, माणसे हजारो. आणि त्या पहिल्या रविवारी पुलावर असलेल्या सहाशे जणांची पूर्ण यादी कोणापाशीच नव्हती. अलीकडे अलाबामातील ऑबर्न विद्यापीठाचे काही अध्यापक आणि विद्यार्थी हे काम करू लागले आहेत. त्या दिवशीची जुनी छायाचित्रे घेऊन, त्यांतील एकेक चेहरा वेगळा करून, ते गावातल्या वृद्धांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना विचारतात, की ही तिसऱ्या ओळीतली, डोक्याला रुमाल बांधलेली बाई कोण? हा टोपीवाला मुलगा कोणाचा? काही नावे मिळाली आहेत. बाकीची शोधत आहेत.