गारव्याचा हिशेब

‘फ्रिजचे दार उघडे ठेवले, तर खोली गार होईल का?’ असा प्रश्न एखादे चुणचुणीत मूल विचारते आणि वडीलधारी मंडळी क्षणभर निरुत्तर होतात. ‘गरम आमटी फ्रिजमध्ये ठेवू नये म्हणतात, ते खरे का?’, ‘फ्रिज भिंतीला टेकवून का ठेवीत नाहीत?’ हे प्रश्न गृहिणींचे. आम्हांला वाटते, या साऱ्या प्रश्नांचे उत्तर एकाच सत्यात सामावलेले आहे. गारवा मुळी निर्माण होतच नाही. एका ठिकाणची उष्णता उचलून दुसरीकडे नेली जाते, इतकेच. ती कोण नेतो, कोठे टाकतो आणि तिचा भार कोणावर पडतो, याचा वृत्तांत म्हणजे शीतलतेचा इतिहास होय.

आपल्या आजीचा मातीचा माठ हेच काम मुकाट्याने करीत असे. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाफ होऊन जाताना आतल्या पाण्याची उष्णता सोबत नेते. पावसाळ्यात हवाच दमट असल्यामुळे माठाचा गुण उतरतो, हा अनुभव कोकणातल्या प्रत्येक घराला आहे.

राजेरजवाड्यांचे मात्र माठावर भागत नव्हते. अकबराच्या दरबारी पाणी थंड करण्यासाठी शोऱ्याचा उपयोग करीत, असे ‘आईन-इ-अकबरी’त नमूद आहे. शोरा पाण्यात विरघळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो. त्या द्रावणात पाण्याची सुरई फिरवीत राहिले की आतील पाणी गार होते. पुढे दरबार लाहोरला गेल्यावर उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ येऊ लागला; कधी नावेतून, कधी गाड्यांवरून, तर कधी माणसांच्या खांद्यांवरून. बादशहाच्या पेल्यातील गारव्यासाठी हमालांना घाम गाळावा लागत होता.

एकोणिसाव्या शतकात या व्यवहाराने सातासमुद्रांची मजल मारली. अमेरिकेतील बोस्टन शहरचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर हिवाळ्यात गोठलेल्या तलावांतील बर्फाच्या लाद्या कापून घेई आणि लाकडाच्या भुशात रचून दूरदेशी धाडी. १८३३ साली त्याचे ‘टस्कनी’ नावाचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले. चार महिन्यांनी ते कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा त्यातील सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता! दुसऱ्याच वर्षी मुंबईनेही हा बर्फ पाहिला. जमशेटजी जीजीभॉय यांनी आपल्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि यजमान व पाहुणे दोघांनाही पडसे झाले, अशी चविष्ट बातमी त्या काळी गाजली. पुढे मुंबईत बर्फासाठी स्वतंत्र बर्फखाना उभा राहिला. जहाज वेळेवर न आल्यास शहरात बर्फाचा दुष्काळ पडे आणि मग डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आजाऱ्यांना आधी बर्फ मिळे. तापाने फणफणलेल्या रुग्णाच्या कपाळावरील पट्टीसाठी नातलगांनी बंदराकडे डोळे लावून बसावे, अशी ती स्थिती होती.

योगायोग असा की, ज्या १८३४ साली हा बर्फ मुंबईस आला, त्याच साली लंडनमध्ये जेकब पर्किन्स याने शीतयंत्राचे पेटंट घेतले. सहज उडून जाणाऱ्या द्रवाची वाफ होऊ द्यावी म्हणजे तो उष्णता शोषील. ती वाफ दाबून पुन्हा द्रव करावी म्हणजे तो उष्णता बाहेर टाकील. हे चक्र अखंड चालू ठेवले की झाले. आजचा घरगुती फ्रिज याच तत्त्वावर चालतो. आपल्या देशात गोदरेज कंपनीने १९५८ मध्ये फ्रिजची निर्मिती सुरू केली.

परंतु या चक्रात फिरवायचे काय? आरंभीच्या यंत्रांत अमोनिया, सल्फर डायॉक्साइड यांसारखे विषारी वायू असत. ते गळून घरेच्या घरे प्राणास मुकत. बर्लिनमधील अशाच एका कुटुंबाची वार्ता वाचून आइन्स्टाइन व झिलार्ड या शास्त्रज्ञांनी निराळ्या प्रकारच्या फ्रिजचा आराखडा तयार केला. त्याचे अमेरिकन पेटंट त्यांना १९३० मध्ये मिळाले. तथापि बाजार जिंकला तो टॉमस मिजली व त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८ साली शोधलेल्या फ्रिऑनने. हा वायू पेट घेत नसे, विषारीही नव्हता. घर सुरक्षित झाले. पण यंत्रातून सुटलेला तोच वायू आकाशात चढून ओझोनचे कवच विरविरीत करू लागला. मोलिना व रोलंड यांनी १९७४ मध्ये धोक्याची सूचना दिली. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनचा ऱ्हास उघड झाला. १९८७ च्या माँट्रियल करारात राष्ट्रे एकत्र आली. १९९२ मध्ये भारतही सामील झाला. पर्यायी वायू ओझोनला निरुपद्रवी ठरले, परंतु त्यांतील एक बहुप्रचलित वायू पृथ्वी तापविण्यात कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे १,४०० पट प्रभावी निघाला. म्हणून २०१६ मध्ये किगाली येथे त्यांनाही आवर घालण्याचे ठरले आणि २०२१ मध्ये भारताने त्यास मान्यता दिली.

आता ते साधे प्रश्न पाहू. फ्रिजचे दार उघडे ठेवले, तर खोली उलट तापेल. कारण आतून काढलेली उष्णता त्याच खोलीत पडते आणि यंत्राला लागलेल्या विजेची उष्णता तिच्यात भर घालते. फ्रिज भिंतीला टेकविला, तर ही उष्णता कोंडते व यंत्र अधिक राबते. आमटीचे मोठे पातेले वाफाळतेच आत सरकविले, तर शेजारच्या दुधाला झळ पोहोचते. म्हणून ती उथळ भांड्यांत काढून वाफ जिरू द्यावी, पण दोन तासांच्या आत, आणि कडक उन्हाळ्यात तर तासाभरातच, फ्रिजमध्ये ठेवावी. आतील तापमान ५ अंशांच्या खाली असावे. एवढ्या थंडीत जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ केवळ मंदावते. तेव्हा फ्रिजमधले अन्नही कधी ना कधी नासतेच.

बादशहाचे सुख आज सामान्य गृहिणीच्या हाती आले, ही निःसंशय मोठी गोष्ट आहे. बाळाचे दूध, मधुमेह्याचे इन्सुलिन, लशींच्या कुप्या या साऱ्यांचे रक्षण हा गारवा करतो. आपण एवढेच ध्यानात ठेवावे की, आपल्या घरातून काढलेली उष्णता कोणाच्या तरी अंगणात पडत असते. पूर्वी ती हमालाच्या खांद्यावर पडली, पुढे आकाशावर पडली. आज फ्रिजच्या पाठीमागे हात नेऊन पाहिला, तर तिची ऊब आपल्यालाही जाणवेल.