शिंगावरचा रंग किती दिवस टिकायला हवा?

आज एका चुकीबद्दल लिहितोय. तुमचा संशोधन आराखडा लिहून व्हायचा असेल तर ही चूक तुमच्या उपयोगी पडेल.

माझ्या पहिल्या आराखड्यात एक वाक्य होतं : 'आटपाडी परिसरात बैलांच्या शिंगांसाठी हिंगूळ आणि हुरमुंजी मागे पडून ऑइल पेंट आला, कारण तो जास्त टिकतो.' वाचायला बरं वाटतं ना? मार्गदर्शकांनी त्याखाली रेघ मारून एवढंच विचारलं, ''किती दिवस टिकायला हवा होता?'' माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आधी पदार्थ समजून घेऊ. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधकाचं संयुग. रंग झगझगीत, पण उन्हात हळूहळू काळवंडतो. हुरमुंजी म्हणजे लोहाची तांबडी माती. होर्मुझ बेटावरून आलेलं हे नाव व्यापाराचा मार्ग सांगून जातं. ही माती उन्हाला दाद देत नाही. मग ती शिंगावरून जाते का? कारण रंग टिकणं म्हणजे फक्त रंगद्रव्य टिकणं नव्हे, त्याला धरून ठेवणारा चिकट पदार्थही टिकावा लागतो. पाण्यात किंवा डिंकात कालवलेला रंग पहिल्या पावसात धुऊन जातो. जवसाचं तेल मात्र हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट पापुद्रा धरतं. १९२०च्या दशकानंतर अल्किड रेझिनचे रंग आले, ते याच रस्त्यानं पुढे गेले.

आता शिंग बघा. ते केराटिनचं, गुळगुळीत, आत हाड आणि रक्तपुरवठा. बैल ते गव्हाणीला, खुंट्याला, झाडाला घासतो, त्यामुळे टोकाचा रंग आधी उडतो. शिंग बुडातून वाढतं, म्हणून काही महिन्यांनी बुडाशी बिनरंगाचा पट्टा दिसू लागतो. म्हणजे एकाच शिंगावर दोन वेगळ्या कारणांनी रंग 'गेलेला' असतो : टोकाला झीज, बुडाला वाढ. नोंदवहीत मी दोन्हींना 'झीज' लिहिलं होतं.

अमेरिकेत मिशिगनमधल्या हेडन कंपनीची मासे पकडायची जुनी लाकडी आमिषं जमवणारे लोक आहेत. गळ हलून पडलेली कमानदार खूण, दगडावर आपटून उडालेला टवका आणि जुन्या रंगाला गेलेले बारीक तडे ते वेगवेगळे वाचतात. आपणही झिजेचं कारण विचारलं पाहिजे.

पण त्यांची आमिषं पेटीत राहिली. आपल्याकडे बेंदराच्या आधी शिंगं साळतात, म्हणजे मागच्या वर्षीचा थर खरवडून काढतात. पुरावा दरवर्षी आपल्याच हातांनी पुसला जातो. म्हणून जुन्या रंगाचं आयुष्य शिंगावरून मोजता येत नाही.

आणि इथेच माझं वाक्य कोसळलं. हिंगूळ सकाळी लावायचा आणि संध्याकाळची मिरवणूक पार पडली की त्याचं काम संपलं. तो 'टिकत नव्हता' असं म्हणणं म्हणजे फुलांच्या माळेला टिकाऊ नाही म्हणण्यासारखं आहे. उलट ऑइल पेंट टिकतो म्हणूनच काढायला जास्त खरवडावं लागतं. जुन्या रंगांत शिसं असे, त्याची भुकटी साळणाऱ्याच्या नाकातोंडात जाई. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची ९० पीपीएम मर्यादा घालणारे नियम भारतात २०१६चे आहेत.

मग ऑइल पेंट का आला? एक धागा बाजाराचा. १९४२ साली मुंबईत सुरू झालेल्या एशियन पेंट्सबद्दल सांगतात की, पोळ्याला शेतकरी शिंगं रंगवतात हे हेरून कंपनीनं छोटे डबे खेड्यांत विकले. गोष्ट छान आहे, पण ती विकणाऱ्याच्या बाजूची. शिवाय आपल्या भागात पोळा नाही, बेंदूर असतो : कर्नाटकी ज्येष्ठ पौर्णिमेला, महाराष्ट्रीय आषाढात. पोळा श्रावण अमावास्येला. म्हणजे दुकानदाराची वही बघायची तर महिना वेगळा धरावा लागेल. दुसरा धागा जनावरांच्या बाजाराचा. खिल्लार जातीच्या एका प्रकाराचं नावच 'आटपाडी महाल' आहे आणि खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिल्लारांचा बाजार भरतो. गिऱ्हाइकासमोर शिंग उठून दिसणं ही गरज सणापेक्षा वेगळी.

कागद शोधणाऱ्यांसाठी एक सूचना : आटपाडी १९४८पर्यंत औंध संस्थानात होती. १९४९ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६०ला त्याचं नाव सांगली पडलं. नुसतं 'सांगली' शोधाल तर निम्मं हाती लागणार नाही.

आता माझ्या आराखड्यात ते वाक्य नाही. त्या जागी प्रश्न आहे : 'रंग कोणासाठी, कोणत्या दिवसापर्यंत टिकायला हवा होता आणि तो काढण्याची किंमत कोणी मोजली?' तुमच्या आराखड्यातही 'जास्त चांगलं', 'जास्त टिकाऊ' असे शब्द असतील. एकदा त्यांच्याखाली रेघ मारून बघा.